शहरावरची ख्रिस्ती गीतं: कुणी लिहिली, आणि कोल्हापुरात ती कशी गावीत

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. तुमच्या मंडळीनं, म्हणजे चर्चनं, 'शहरासाठी प्रार्थनेचा रविवार' ठरवलाय आणि गाणी निवडायचं काम तुमच्याकडे आलंय. तुम्ही 'उपासना संगीत' हे आपलं गीतपुस्तक सगळं चाळलंत. त्यात मेंढपाळ आहे, पेरणी-कापणी आहे, डोंगर आहेत, वादळातली नाव आहे, पण आपण राहतो तसं शहर कुठे सापडलं नाही. म्हणून तुम्ही विचारताय की शहरी जीवनावर ख्रिस्ती गीतं कुणी लिहिलीच नाहीत का? लिहिली असतील तर ते लेखक कोण, त्यातलं कोल्हापुरात काय गाता येईल, आणि गाण्यात कोल्हापूरचं नाव घातलं तर चालेल का?

गीतं आहेत आणि चांगली आहेत. मी गेली एकतीस वर्षं कोल्हापुरात उपासनेला पेटी वाजवतो, गायन मंडळ सांभाळतो, आणि असा रविवार आम्ही चार वेळा केलाय. पहिल्या वेळी तो फसला. त्या अनुभवावरून सांगतो की तुमची खरी अडचण यादीची नाही. यादी मी दहा मिनिटांत देईन. अडचण अशी की ही बहुतेक गीतं न्यू यॉर्क किंवा इंग्लंडमधल्या शहरांसाठी लिहिली गेली. ती तशीच उचलून आणली तर मंडळीला दुसऱ्याच्या घराचा पत्ता वाचल्यासारखं वाटतं.

काही गोष्टी तुमच्या मंडळीवर अवलंबून आहेत, त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही. इंग्रजी उपासना असेल तर काम सोपं आहे. मराठी असेल, आणि साथीला फक्त पेटी-तबला असेल, तर इंग्रजी चाली किती घ्यायच्या हे जपून ठरवावं लागेल. तालमीला किती रविवार मिळणार हेही बघा. दोनच मिळणार असतील तर एकच नवं गाणं घ्या, बाकी सगळी ओळखीची.

आपल्या पुस्तकात शहर का नाही, हे आधी समजून घेऊ. आपली मराठी ख्रिस्ती गीतं मोठ्या प्रमाणात अहमदनगरकडच्या खेडोपाडीच्या मंडळ्यांतून आली. गीतकार कृष्णा रत्नाजी सांगळे तिथलेच, आणि नारायण वामन टिळकांचं मोठं काम तिथेच झालं. टिळक जन्मले कोकणात करजगावला, १८६१ साली. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला, आणि १९१९ मध्ये त्यांनी देह ठेवला तोही मुंबईतच. पण त्यांचं मन फुलांत, मुलांत, रानात रमलेलं. 'वनवासी फूल' लिहिणाऱ्या कवीकडून आपण चौकातली गर्दी मागू नये. त्यांनी आपल्याला दुसरी मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे अभंगाचा साचा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत, आणि तो पूल त्यांनी आपल्यासाठी उभा ठेवला. पुढे तो मला फार उपयोगी पडला, ते सांगतोच.

शिवाय शहर आपल्या पुस्तकात अगदीच नाही असं नाही. सियोन आहे, नवं यरुशलेम आहे, सोन्याचे रस्ते आहेत. जॉन न्यूटन यांनी १७७९ मध्ये स्तोत्र ८७ वरून देवाच्या नगरीचं गौरवगीत लिहिलं, तेव्हापासून आणि त्याच्या कितीतरी आधीपासून ख्रिस्ती लोक नगरीबद्दल गातच आले आहेत. पण ती स्वर्गातली नगरी. खालच्या नगरीबद्दल गाणं, तेही नुसती नावं न ठेवता गाणं, हे बऱ्याच उशिरा आलं. कारखाने उभे राहिले, एकेका खोलीत दहा-दहा माणसं राहायला लागली, आणि पाळकांना आपल्या देवळाच्या पायरीवर बसलेली माणसं दिसायला लागली, तेव्हा.

या सगळ्यांत मी पहिला मान फ्रँक मेसन नॉर्थ यांना देतो. १८५० मध्ये न्यू यॉर्कमध्येच जन्मलेले, मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचे पाळक. शहरातल्या गरीब वस्त्यांत मंडळ्या उभ्या करणाऱ्या संस्थेचं काम ते बघत आणि 'द ख्रिश्चन सिटी' नावाचं मासिक चालवत. मेथडिस्ट मंडळीचं नवं गीतपुस्तक तयार होत होतं. त्या समितीतले प्राध्यापक कॅलेब विंचेस्टर यांनी त्यांना एक गीत मागितलं. नॉर्थ काही गीतकार नव्हते. पण नुकताच त्यांनी मत्तय २२:९ वर उपदेश केला होता, राजाच्या मुलाच्या लग्नाचा दाखला. त्यातून १९०३ मध्ये 'व्हेअर क्रॉस द क्राउडेड वेज ऑफ लाइफ' हे गीत झालं. ते आधी त्यांच्या मासिकात आलं आणि मग १९०५ च्या गीतपुस्तकात.

आता आपलं मराठी पवित्र शास्त्र उघडा आणि तेच वचन काढा. राजा चाकरांना कुठे पाठवतो? चवाठ्यांवर. मी हे गीत वीस वर्षं इंग्रजीत वाजवलं, पण मराठीतला हा एक शब्द वाचला तेव्हा ते मला खरं कळलं. चवाठा म्हणजे बिंदू चौक. चवाठा म्हणजे कावळा नाका. जिथे चारही बाजूंनी माणूस येतो आणि कुणी कुणाला ओळखत नाही, तिथे जाऊन लग्नाला बोलवा असं राजा सांगतोय.

गीताची बांधणी बघा. पहिल्या कडव्यात गजबजलेले रस्ते एकमेकांना छेदतात, जातीपातीचे आरडाओरडे ऐकू येतात, आणि त्या गोंगाटावरून मनुष्याच्या पुत्राचा, म्हणजे येशूचा, आवाज येतो. दुसऱ्यात अंधारे उंबरठे आणि हावेची आमिषं, आणि तिथे येशूचे अश्रू दिसतात. तिसऱ्यात असहाय लेकरं, बायांचं दुःख, पुरुषांचे कष्ट. चौथ्यात एकदम पेलाभर पाणी. तुझ्या नावानं दिलेल्या त्या पाण्याला अजून तुझ्या कृपेचा ताजेपणा आहे, असं नॉर्थ म्हणतात. मग विनवणी की गुरुजी, डोंगरावरून लवकर खाली या, या अस्वस्थ गर्दीत राहा, शहराचे रस्ते पुन्हा तुडवा. आणि अगदी शेवटी स्वर्गातून उतरणारी देवाची नगरी. आपण नेहमी जिथून सुरुवात करतो, ते सोन्याचं शहर त्यांनी शेवटच्या ओळीला ठेवलंय. तिथपर्यंत जायचं तर आधी पाच कडवी गल्लीबोळांतून चालावं लागतं. हे मला त्या गीतातलं सर्वांत मोठं वाटतं.

माझी चूक इथेच झाली. पहिल्या वेळी मी या गीताचं मराठी केलं आणि मूळच्या चालीवर बसवलं. 'जर्मनी' नावाची ती चाल, विल्यम गार्डिनर यांच्या १८१५ च्या संग्रहातली, चार ओळी, प्रत्येक ओळीत आठ अक्षरं. मी अक्षरं बरोबर मोजली: 'जिथे गर्दीच्या रस्त्यांच्या, भेटी होती चौकामध्ये'. कागदावर आठ आणि आठ. गायला लागलो आणि पहिल्या ओळीच्या शेवटचा सूर, ज्यावर सगळी मंडळी थांबते, तो आला 'च्या' वर. साठ माणसं एका सुरात 'च्याऽऽ' म्हणून उभी. इंग्रजीत ओळीच्या शेवटी वजनदार शब्द येतो, आपल्याकडे प्रत्यय नाहीतर क्रियापद येऊन बसतं. दुसऱ्या कडव्याला निम्मे गप्प झाले, चौथ्याला फक्त आमचं गायन मंडळ गात होतं. उपासना झाल्यावर कुणी काही बोललं नाही, पण मला घरी जाऊन जेवण गेलं नाही. गीत चांगलं, विचार चांगला, आणि मी ते लोकांच्या तोंडात बसू दिलं नाही.

तेव्हा टिळकांचा पूल आठवला. चाल सोडून दिली, ओळी सोडून दिल्या, गीताचा मुद्दा तेवढा धरला आणि मोठ्या अभंगाच्या साच्यात, सहा-सहा-सहा-चार अक्षरांत, नव्यानं मांडला. पण बसल्या जागी सुचेना. मग एका शनिवारी पहाटे गायन मंडळातल्या सहा जणांना घेऊन शहरात चक्कर मारली. आधी गंगावेशीत गेलो. तिथल्या दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या, धार समोरच काढतात, पेल्यात फेस वर येतो, आणि माणसं उभ्या उभ्या पितात. तालमीतली पोरं, पेपर टाकणारा, पहाटेचा फेरफटका संपवून आलेले आजोबा, सगळे एकाच कट्ट्यावर. आमच्यातल्या एका मुलीनं तिथेच योनाची आठवण काढली. निनवे शहराबद्दल देव योना संदेष्ट्याला शेवटी काय म्हणतो? एक लाख वीस हजारांवर माणसं आहेत, आणि पुष्कळ गुरंढोरंही आहेत, मला त्यांचा कळवळा येऊ नये का? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हशींसकट शहरावर माया करणारा देव, आणि आम्ही म्हशींच्या गर्दीत उभे राहून ते ऐकत होतो.

तिथून पुढे एका चौकात थांबलो. रोजंदारीची माणसं डबा पिशवीत घेऊन कामाची वाट बघत उभी असतात, तो चौक. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातले बाजारात उभे राहिलेले मजूर ते हेच. मुकादमाची गाडी आली की सगळे धावतात, चौघे चढतात, बाकीचे परत कठड्याला टेकतात. एक बाई होती, पाटी उलटी करून त्यावर बसलेली. साडेनऊ वाजले तरी तिला कुणी नेलं नव्हतं. आमच्याकडे बघून तिनं विचारलं, काम आहे का? आमच्याकडे काम नव्हतं. ती बाई माझ्या डोक्यातून आजही गेलेली नाही, आणि त्या वेळी आमच्यापैकी कुणालाच काही बोलायला सुचलं नाही.

त्या चकरेनंतर हे झालं:

जिथे भेटतात
रस्ते चार सारे
तिथे तू उभा रे
येशू देवा

रातपाळी त्यांची
संपवून येती
भट्टीपाशी हाती
पोळलेले

पेलाभर पाणी
दिले तुझ्या नावे
रूप ते दिसावे
तुझे आम्हां

कविता म्हणून ती मोठी नाही, हे मला ठाऊक आहे. पण भजनी ठेक्यावर, साध्या चालीत, ती पहिल्याच रविवारी सगळ्यांनी म्हटली. आमच्या मागच्या बाकावर शिरोलीच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रीत काम करणारे एक गृहस्थ बसतात. रातपाळी करून आंघोळ उरकून थेट उपासनेला येतात, आणि उपदेशात कधीकधी त्यांची मान खाली जाते. दुसऱ्या कडव्याला मी पेटीवरून मान वर केली तर ते उभे राहून गात होते. हाताच्या मागच्या बाजूला जुने पांढरे डाग आहेत त्यांच्या. मी ते कडवं लिहिताना तेच डोळ्यांसमोर होते. त्यांना ते मी आधी सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं.

म्हणून तुम्हाला माझा पहिला सल्ला असा की अनुवाद करायचा तर आधी शहरात फिरून या, आणि ओळीचा अनुवाद न करता मुद्द्याचा करा. सूर फार चढवू नका. पेटीच्या काळी दोन पट्टीच्या वर गेलात की मागच्या बाकांवरचे पुरुष गप्प होतात.

आता बाकीचे लेखक.

फॅनी क्रॉस्बी यांचं नाव तुम्हाला माहीत असेल. १८२० चा जन्म, लहानपणापासून अंध, हजारो गीतं लिहिली, आयुष्याची कितीतरी वर्षं न्यू यॉर्कच्या साध्या वस्त्यांत काढली. १८६९ मध्ये उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी त्या कामगारांच्या मिशनमध्ये बोलायला गेल्या होत्या. बोलताना त्यांना सारखं वाटत राहिलं की समोर आईच्या शिकवणीपासून लांब गेलेला कुणीतरी मुलगा बसलाय, आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. सभा संपल्यावर एक तरुण पुढे आला. त्या रात्री 'रेस्क्यू द पेरिशिंग' लिहून झालं. त्या गीतात शहर हा शब्द औषधालाही नाही, तरी मी त्याला शहराचंच गीत म्हणतो. परगावाहून कामाला आलेला, आईला पत्र न लिहिणारा पोरगा शहरातच असतो, आणि ज्या खोलीत ते गीत जन्मलं ती खोलीही शहरातलीच. तुम्ही पुस्तकात 'शहर' शब्द शोधत बसलात तर अशी गीतं हातातून निसटतील. अनुक्रमणिका बंद करा आणि गीतातला माणूस कुठे राहतो ते बघा.

वॉल्टर रसेल बोवी हे एपिस्कोपल पाळक, पुढे न्यू यॉर्कच्या ग्रेस चर्चमध्ये बरीच वर्षं होते. हेन्री स्लोन कॉफिन या पाळकांनी त्यांना सांगितलं की देवाचं राज्य फक्त मेल्यावर मिळायचं नाही, ते इथे तयार करायचंय, असं सांगणारं गीत हवंय. त्यावर १९०९ मध्ये 'ओ होली सिटी, सीन ऑफ जॉन' झालं. प्रकटीकरण २१ मधली नगरी बघून हे गीत थांबत नाही. रस्त्यांत, दुकानांत, दाटीवाटीच्या चाळींत माणसाच्या वेदनेतून सोनं पिळलं जातंय आणि आपण समाधानानं बसलोय, याची लाज वाटू दे, असं ते म्हणतं. हे गीत कडक आहे. इंग्रजी उपासना असेल तरच घ्या, आणि उपदेशानंतर घ्या, आधी नको.

हॅरी एमर्सन फॉस्डिक यांचं 'गॉड ऑफ ग्रेस अँड गॉड ऑफ ग्लोरी' १९३० चं, न्यू यॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चच्या नव्या इमारतीसाठी लिहिलेलं. वस्तूंनी श्रीमंत आणि आत्म्यानं गरीब असा त्यातला एक टोला आहे. केवढ्या मोठ्या, खर्चिक इमारतीच्या उद्घाटनाला तो गायला गेला हे लक्षात ठेवलं की त्याचं धाडस कळतं.

एरिक रूटली हे इंग्लंडचे काँग्रिगेशनल पाळक आणि संगीताचे मोठे अभ्यासक. त्यांनी १९६६ मध्ये स्कॉटलंडच्या डनब्लेनमध्ये 'ऑल हू लव्ह अँड सर्व्ह युअर सिटी' लिहिलं. त्याचं पहिलंच आवाहन मला फार आवडतं. शहरावर प्रेम करणारे, त्याचा रोजचा ताण सोसणारे, त्याला शिव्या देणारे आणि त्याला आशीर्वाद देणारे, सगळ्यांना ते एकत्र बोलावतं. रस्त्यातले खड्डे, पावसाळ्यातली कोंडी यावर आपण सगळेच सकाळ-संध्याकाळ करवादतो, आणि परगावी गेलो की कोल्हापूरचं नाव काढून छाती फुगवतो. त्या दोघांनाही एका बाकावर बसवणारं दुसरं गीत मला माहीत नाही. शेवट यहेज्केलाच्या पुस्तकाच्या शेवटासारखा होतो, जिथे नगरीचं नावच 'परमेश्वर तेथे आहे' असं पडतं.

फ्रेड कान यांनी बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त होऊन पुन्हा बांधल्या गेलेल्या प्लिमथ शहरात पाळकपण करताना आपल्या मंडळीच्या रोजच्या गरजेपोटी गीतं लिहायला सुरुवात केली. पुस्तकात हवं ते नव्हतं म्हणून लिहिलं. तुमची आजची गरज तीच आहे.

तुमच्याकडची तरुण मुलं बहुधा 'गॉड ऑफ धिस सिटी' सुचवतील. बेलफास्टच्या ब्लूट्री या बँडला ते थायलंडमधल्या पट्टायात सुचलं आणि क्रिस टॉमलिन यांच्यामुळे जगभर गेलं. घ्यायला हरकत नाही, मुलं मनापासून गातात. पण त्यात एकही गल्ली नाही, एकही माणूस नाही, म्हणून त्याच्या जोडीला एखादं पेलाभर पाण्याचं गाणं असू द्या.

एक व्यवहाराची गोष्ट. नॉर्थ १९३५ मध्ये गेले आणि क्रॉस्बी १९१५ मध्ये, त्यामुळे आपल्याकडची लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षांची मुदत कधीच उलटली. त्यांच्या गीतांचं तुम्ही मोकळेपणानं मराठी करू शकता, छापू शकता. रूटली आणि कान यांचं तसं नाही. अनुवाद करून कागद वाटायचे असतील तर आधी प्रकाशकाची परवानगी मागा.

आता इतक्या लेखकांकडे बघून मला काय दिसतं ते सांगतो. हे जवळजवळ सगळे शहरात काम करणारे लोक होते. कुणी मासिक चालवत होतं, कुणी वस्तीत जात होतं, कुणी दर रविवारी त्याच माणसांसमोर उभं राहत होतं. शहराकडे लांबून बोट दाखवणारा त्यांच्यात कुणी नाही. आपण मात्र पटकन तसं करतो. 'शहरात मोह, शहरात पाप, खेड्यात भोळा भाव' हा सूर आपल्या प्रार्थनांत फार सहज लागतो. कृपा करून त्या रविवारी तो लावू नका. आपल्यातल्या किती कुटुंबांना या शहरानं शाळा दिली, नोकरी दिली, आडनाव न विचारता खोली दिली, ते आठवा. शाहू महाराजांनी १९०१ पासून इथे एकामागून एक वसतिगृहं उभी केली, खेड्यातल्या सर्व जातींच्या मुलांना शिकायला शहरात जागा मिळावी म्हणून. १९०६ मध्ये मिल सुरू केली आणि तिच्या भोंग्यावर कितीतरी घरांचं घड्याळ चाललं. रॉयल वायल्डर १८५२ मध्ये इथे आले आणि याच शहरात त्यांनी मिशनचं काम सुरू केलं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथेच जन्मला आणि पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या मिशन चळवळीचा एक प्रमुख झाला. या शहराचं आपल्यावर ऋण आहे, आणि ते गाण्यात आलं पाहिजे. यिर्मयाच्या २९ व्या अध्यायात बंदिवासात गेलेल्या लोकांना, तेही परक्या बाबेलमध्ये, त्या नगराचं कल्याण चिंता असं सांगितलंय. कोल्हापूर तर आपलंच आहे.

आणि या सगळ्या गीतांच्या आधी स्तोत्रं येतात. तुम्हाला एकच स्तोत्र घ्यायचं असेल तर ४६ वं घ्या. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी त्यावरूनच आपलं 'देव आमचा बळकट दुर्ग' या अर्थाचं प्रसिद्ध गीत केलं, पण त्यात स्तोत्रातली नदी आणि नगरी आली नाही. आपल्याला नेमकी तीच हवी. स्तोत्राच्या सुरुवातीला पाणी गर्जना करतं, फेसाळतं, डोंगर हलतात. लगेच पुढे एक नदी येते आणि तिच्या प्रवाहांनी देवाची नगरी आनंदित होते. म्हणजे माणसाला भिवविणारं पाणी आणि सुखावणारं पाणी एकाच स्तोत्रात. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्याला हे समजावून सांगायला लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीत कुंभार गल्लीत पाणी शिरलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, शहराभोवती पाणीच पाणी आणि उपसा केंद्रं बुडाल्यामुळे नळाला थेंब नाही. टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभं राहताना मला नॉर्थ यांचं चौथं कडवं आठवत होतं. आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एका मुस्लिम कुटुंबानं त्यांच्या बोअरला नळी लावून ती रस्त्यावर सोडली होती, कुणीही या आणि भरा. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच दिवस आले आणि पुन्हा तीच नळी रस्त्यावर आली. त्यानंतरच्या शहर-रविवारी आम्ही स्तोत्र ४६ वाचलं, आणि वाचणारी मुलगी पाण्याच्या गर्जनेच्या ओळीशी थांबली. तिला पुढचं वाचवेना. मंडळी गप्प बसून राहिली, मग तिच्या आईनं बाकावरूनच पुढची ओळ म्हटली.

क्रम मी असा ठेवतो, तुम्ही तुमच्या सोयीनं बदला. सुरुवातीला ओळखीचं उपकारस्तुतीचं गीत. मग जखऱ्याच्या ८ व्या अध्यायातला तो सुंदर भाग, जिथे म्हातारे हातात काठी घेऊन चौकांत बसलेत आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरलेत. संध्याकाळचा रंकाळा डोळ्यांपुढे येतो. मग स्तोत्र ४६. उपदेशाआधी नवा अभंग, उपदेशानंतर पश्चात्तापाचं गीत. येशू शहर बघून रडला तो लूक १९ मधला भाग इथे वाचा, आणि वाचून झाल्यावर लगेच पेटी सुरू करू नका, थोडी शांतता राहू द्या. नवं यरुशलेम शेवटी, नॉर्थ यांनी ठेवलं तसं.

राहिला कोल्हापूरच्या नावाचा प्रश्न. मी गाण्यात नाव घालत नाही. अभंगात 'कोल्हापूर' बसवायला गेलं की चार अक्षरं जातात आणि गाणं जाहिरातीसारखं वाटायला लागतं. शिवाय तेच गाणं उद्या इचलकरंजीच्या किंवा गडहिंग्लजच्या मंडळीला गाता येत नाही. नावं आम्ही प्रार्थनेत घेतो. अभंगाचं पहिलं कडवं धृपद म्हणून धरायचं, पेटीचा सूर हलका चालू ठेवायचा, आणि ज्या त्या भागात राहणाऱ्या माणसानं उठून आपल्या भागासाठी एकच वाक्य बोलायचं. राजारामपुरीतल्या आजी तिथल्या शिकवण्यांना येणाऱ्या मुलांसाठी बोलतात. उद्यमनगरात लेथवर काम करणारा आपल्या सोबत्यांसाठी बोलतो. एक नर्सबाई सीपीआर या सरकारी रुग्णालयात रात्री वऱ्हांड्यात झोपणाऱ्या नातेवाइकांसाठी बोलतात. प्रत्येक वाक्यानंतर मंडळी धृपद म्हणते. कुणी काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घ्या, नाहीतर वाक्याचा उपदेश होतो.

मागच्या वेळी शेवटी सातवीतली एक मुलगी उठली. तिचे वडील केएमटीत, म्हणजे शहराच्या बससेवेत, चालक आहेत. ती म्हणाली, "माझे बाबा आत्ता गंगावेश ते कागल गाडीवर आहेत, त्यांच्या गाडीत बसलेल्या सगळ्यांसाठी." आणि मंडळीनं म्हटलं, जिथे भेटतात रस्ते चार सारे.